चंद्रकळेतला समुद्र

१

शकुनच्या हाताला चव होती, मीठ मात्र नव्हतं. लग्नाला चार वर्षं होऊन गेली तरी वरणात, भाजीत, कोशिंबिरीत मीठ पडायचं ते नावापुरतं. जेवणाच्या ताटात डाव्या हाताला वर मीठ वाढायची आपली पद्धत माझ्यासारख्या नवऱ्यांची दया येऊनच कुणीतरी काढली असणार, असं मी म्हणायचो. ती हसायची आणि ताटात आणखी चिमूटभर वाढायची. भाजीत कधी नाही.

मी मूळचा रत्नागिरीचा, नोकरी बँकेतली, आणि बदली झाली ती थेट कलकत्त्याला. शकुन उमरेडची. समुद्र तिने फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. लग्न ठरताना तिने मला एकच विचारलं होतं, "समुद्र दाखवाल का?" मी लगेच हो म्हणालो होतो. रत्नागिरीच्या माणसाला त्यात काय कठीण! पण लग्नानंतर गावाकडे जाणं झालं ते नेमकं ऐन पावसाळ्यात, वडिलांच्या आजारपणात, आणि खिडकीतून पाऊस सोडून तिला काही दिसलं नाही. पुढे कलकत्त्याची बदली आली तेव्हा तिने नकाशा उघडला आणि उडीच मारली. कारण नकाशात कलकत्ता अगदी समुद्राला चिकटून आहे. बालीगंजच्या घरात सामान लावून झालं, तशी ती गच्चीवर गेली, चारी बाजूंनी पाहून खाली आली आणि म्हणाली, "कुठाय?"

मी तिला गंगेच्या घाटावर नेलं. तिने त्या गढूळ पाण्याकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. "ही तर नदी आहे नं. नदी आमच्याकडेही आहे."

मग तिला दिवस गेले, वृंदा झाली, आणि समुद्र राहून गेला.

२

त्र्याहत्तरच्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं आणि वृंदाचं बोरन्हाण. बेहालापासून दमदमपर्यंत विखुरलेल्या मराठी बायका दोन-दोन बस बदलून आल्या होत्या. शकुन, बेहालाच्या सरलाताई आणि आणखी दोघीतिघी काळ्या चंद्रकळा नेसल्या होत्या. वृंदाला काळं झबलं आणि वर हलव्याचे दागिने. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही बौदी म्हणत असू, दारातच थबकल्या. सणासुदीला काळं नेसलेल्या एवढ्या बायका त्यांनी एका ठिकाणी कधी पाहिल्या नसाव्यात. शकुनने त्यांना हाताला धरून आत आणलं आणि त्यांच्या तोंडात तिळाचा लाडू कोंबला.

माझं काम फोटो काढण्याचं. खिदिरपूरच्या बाजारातून घेतलेला जुना रशियन कॅमेरा हा माझा तेव्हाचा जीव की प्राण. मी खुर्चीवर चढून फोटो काढत होतो आणि खाली बायका शकुनला उखाण्यासाठी छळत होत्या. शेवटी तिने माझ्याकडे तिरपं पाहत घेतला:

"गडियाहाटच्या बाजारात मासळी ताजी ताजी,
दिगंबररावांच्या नशिबी माझी अळणी भाजी!"

हशाने छत उडायची वेळ आली. मी हसताना खुर्चीवरून पडता पडता वाचलो. वृंदाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतले आणि पोरं त्यावर तुटून पडली. अख्खा रोल संपला.

फिल्म मी घरीच, न्हाणीघरात धुवायचो. त्यामुळे रोल मागे गुंडाळताना फिल्मची जीभ, म्हणजे तिचं सुरुवातीचं टोक, आत जाऊ द्यायची नाही, थोडी बाहेर ठेवायची, ही माझी सवय. अंधारात चाचपडताना ते सोपं पडतं. पण बाहेर जीभ असलेला रोल नव्यासारखाच दिसतो. म्हणून काढलेल्या रोलच्या जिभेचा कोपरा मी दुमडून ठेवायचो. दुमडला की तो झाला, ही माझी खूण. त्या दिवशीही कोपरा दुमडला आणि रोल कपाटात ठेवला.

३

धुवायला सवड होण्याआधीच मला पोर्ट ब्लेअरच्या शाखेची तपासणी निघाली. जहाजाने जायचं, जहाजाने यायचं. शकुनचा चेहरा पाहवत नव्हता. "तुम्ही पाहिलेलाच समुद्र पुन्हा पाहायला चाललात," ती म्हणाली. पण बॅग तिनेच भरली, कपाटातले रोलही तिनेच नीट एका ओळीत लावून दिले.

त्या प्रवासाबद्दल काय सांगू! रत्नागिरीत मी समुद्र पाहिला होता तो किनाऱ्यावरून. समुद्राच्या आत मी प्रथमच जात होतो. आधी कितीतरी वेळ हुगळीचं चहासारखं पाणी. मग दोन्हीकडचे काठ लांब सरकत गेले आणि एकदाचे नाहीसे झाले. पाणी हिरवट झालं, मग निळं, मग इतकं गडद की दौतीत डोकावल्यासारखं वाटावं. सकाळी डेकवर गेलो की उडत्या माशांचे थवे जहाजाच्या बाजूने भुर्रकन उठायचे आणि लांबवर जाऊन पाण्यात शिरायचे. एकदा डॉल्फिन आले. एक म्हातारे पंजाबी गृहस्थ लहान पोरासारखे टाळ्या पिटायला लागले, आणि मीही. कॅमेरा डोळ्याला लावून मी तासन्‌तास कठड्याशी उभा असायचो. उडते मासे टिपायला किती फिल्म वाया घालवली ते देव जाणे, पण एकदा साधलंच असं वाटलं.

एक सांगून ठेवतो, कारण पुढे ते महत्त्वाचं आहे. जाताना भर समुद्रात जो रोल मी संपवला, त्यात किनारा नव्हता, होडी नव्हती, माणूस नव्हता. नुसतं पाणी होतं.

४

परत आल्यावर पहिल्याच रविवारी दुपारी न्हाणीघराच्या खिडकीवर घोंगडी ठोकली आणि तो रोल धुतला. सुकवून उजेडात धरला आणि कपाळाला हात लावला. समुद्रावर आमची बैठकीची खोली उमटली होती. एकाच फिल्मवर दोनदा फोटो निघाले होते.

"शकुन! इकडे ये आधी! ह्या रोलचा कोपरा दुमडलेला होता की नव्हता?"

"होता नं," ती पोळपाटावरून न उठताच म्हणाली. "मी सरळ करून ठेवला. किती वाकडा दिसत होता."

ही शकुन. भिंतीवरची तसबीर सूतभर कलली तरी तिला जेवण जात नसे. दुसऱ्याच्या घरी गेली तरी उठून पायपुसणं सरळ करून यायची. मी चिडलो, आदळआपट केली, आणि मग म्हटलं, निदान छापून तरी पाहू.

पहिला कागद तसराळ्यातल्या रसायनात उमलायला लागला आणि मी भांडण विसरलो. खोली नीट दिसत होती. बायका हसत होत्या. समुद्र दिसत होता तो फक्त त्यांच्या काळ्या लुगड्यांमध्ये. सरलाताई जहाजामागच्या फेसाची लांब पट्टी नेसून बसल्या होत्या. एकीच्या पदरावर आख्खी लाट फुटत होती. आणि वृंदा! तिच्या काळ्या झबल्यात, बरोबर मांडीवर, पंख पसरलेला एक उडता मासा होता. ती खाली पाहून त्याला हसत होती.

शकुनने ओला कागद हातात घेतला. तिचे डोळे भरून आले. "मी समुद्र नेसलेय," ती म्हणाली. "अहो, पाहा नं, मी समुद्र नेसलेय!" मग तिने वृंदाला उचललं आणि त्या दोन हात जागेत फुगडी घातली.

दुसऱ्या दिवशी श्यामसुंदर गद्रे आले. ते कलकत्त्यातच जन्मलेले, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे, आमच्या छायाचित्रांच्या वेडातले जोडीदार. "दारुण!" ते ओरडले. आनंद झाला की ते बंगालीत ओरडत. "अहो दिगंबरराव, साधी गोष्ट आहे. काळ्या कापडातून उजेड येत नाही, तेवढी फिल्म कोरी राहते. त्या कोऱ्या जागेत समुद्र बसला. बाकी सगळे सण रंगीत. आपल्याच बायका सणाला काळं नेसतात म्हणून हे जमलं. हे प्रदर्शनाला पाठवायचं!"

सगळं पटण्यासारखं होतं. मला पटलंही.

५

प्रदर्शनासाठी मी मोठे कागद छापायला घेतले, तेव्हा तो हात दिसला.

तो फक्त शकुनच्या चंद्रकळेत होता. पहिल्या फोटोत निऱ्यांमधल्या पाण्यात, अगदी तिच्या पायाशी, नखाएवढा. लाटांमधून वर आलेला एक हात. मी भिंग घेतलं. पाचही बोटं उघडी होती आणि मनगटात पांढरंशुभ्र एक कडं होतं. नंतरच्या एका फोटोत तो तिच्या गुडघ्यापाशी होता आणि खांदाही दिसत होता. शेवटच्यात, बोरन्हाणाच्या वेळचा जो फोटो होता त्यात, तिच्या पदरावर एक बाई होती. कमरेइतक्या पाण्यात. हात वर केलेला. तोंड मात्र फिल्मच्या बारीक ठिपक्यांत विरून गेलं होतं.

मी श्यामसुंदरांना पुन्हा बोलावलं. त्यांनी भिंग घेतलं, डोळे बारीक केले आणि हसले. "बोरन्हाण ना? कुणाचा तरी हात बोरं ओतायला वर गेलेला. कपाटाच्या आरशातून आला असणार. कडं म्हणजे घड्याळाचा चमकलेला पट्टा."

"ओतणारा हात उपडा असतो. हा उताणा आहे."

"मग ओतण्याआधीचा असेल! अहो, तुम्ही बँकेतली माणसं फार खोलात जाता."

मी मान डोलावली. आमच्या कपाटाला आरसा आहे, ही गोष्टही खरीच होती. तो बाजूच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून होता एवढंच. पण त्या दिवशी गर्दीमुळे सामान हलवलं होतं, तेव्हा कपाटही फिरवलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

शकुनला भिंगाची गरजच पडली नाही. "बोलावतेय," ती लगेच म्हणाली.

"कोण?"

"ही बाई. या, या म्हणतेय. कशी मजेत आहे!"

मी भिंग खाली ठेवलं. रत्नागिरीला लहानपणी मी बुडणारा माणूस पाहिलेला आहे. तोही असाच हात करतो. लांबून पाहणाऱ्याला तो मजेतच वाटतो. हे मी तिला सांगितलं नाही. फोटो प्रदर्शनाला पाठवले नाहीत. आणि मनाशी ठरवून टाकलं, की हिला समुद्रावर न्यायचं नाही.

६

कारणांना काय तोटा! उन्हाळा फार, पाऊस फार, वृंदाला खोकला, बँकेत हिशेबाची घाई. शकुन पहिल्यांदा हसून सोडून द्यायची. मग हसेनाशी झाली.

दुर्गापूजेच्या दिवसांत बौदींनी तिला नवी साडी दिली आणि वर आपल्याकडची भेट म्हणून एक शांखा, म्हणजे बंगाली सवाष्णी घालतात तो शंखाचा चुडा. संध्याकाळी मी घरी आलो तर दार उघडलं शकुननेच. हात वर करून, बोटं पसरून, ती मला तो दाखवत होती. मनगटात पांढरंशुभ्र एक कडं.

"कसा दिसतोय?"

"काढ तो," मी म्हणालो.

तिचा हात खाली आला. "का म्हणून?"

काय सांगणार? मी म्हटलं, आपल्यात नाही घालत. तिने तो काढला नाही, आणि तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. "तुमच्या मनात आहे तरी काय? अंदमानाला तुम्ही जाऊन आलात. मी कधी कुरकुर केली? एकच गोष्ट मागितली होती मी लग्नाच्या आधी. एकच. दागिना नाही, घर नाही. आणि तुम्ही शेजारी समुद्र असून मला नदी दाखवता!"

ती रडत होती आणि वृंदा तिचे गाल पुसत होती. मला माझीच लाज वाटली. एका फोटोतल्या ठिपक्यांपायी मी जिवंत माणसाला रडवत होतो. डिसेंबरात दिघ्याच्या समुद्रावर जायचं नक्की केलं. तिला मी एकच अट घातली: घोट्याच्या वर पाणी नाही, आणि तेही माझा हात धरून.

"हातच काय, शेंडी धरीन," ती म्हणाली आणि डोळे पुसता पुसता हसली.

७

एस्प्लनेडहून बसने निघालो. शकुन सगळी वाट गात होती आणि मागच्या बाकावरच्या बंगाली आजीबाईंनी तिला संत्री सोलून दिली. दिघ्याला उतरल्यावर सुरूच्या बनातून वाळूवर आलो आणि ती थांबली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढं पाणी! आणि कुणी वापरत नाही?"

मी इतका हसलो की वाळूत बसलो. ती माझा हात धरून पाण्याशी गेली. घोटे भिजले तशी किंचाळली, ओंजळ भरली, चाखली आणि तोंड वेंगाडलं. "अगंबाई, खरंच खारट आहे हो!"

"शीक काही त्याच्याकडून," मी म्हणालो.

तिने उरलेली ओंजळ माझ्या अंगावर उडवली. लाल खेकड्यांच्या मागे वृंदा दुडदुडत धावत होती, आणि ते बिळात गुडुप झाले की आमच्याकडे वळून हात झटकत होती. इतकं सुख एका दिवसात मावतं हे मला ठाऊक नव्हतं. माझी भीती मला पोरखेळ वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुन मुद्दाम चंद्रकळा नेसून आली. आता खऱ्या समुद्रापुढे फोटो काढायचा होता. किनाऱ्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मी नवा रोल भरायला घेतला. वारा होता, वाळू उडत होती, म्हणून पाठ वळवून, गुडघ्यावर बसून, कॅमेरा छातीशी धरून फिल्म भरली. "मी सांगेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही," मी ओरडलो. मागून तिचं हसू ऐकू आलं.

मग वळलो आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

शकुन पाण्यात होती. कमरेपर्यंत. तिने हात वर केला होता, पाचही बोटं पसरलेली, आणि मनगटातला शांखा उन्हात चमकत होता. तिचं तोंड मला अगदी स्वच्छ दिसलं. ती हसत होती. मला ओरडायचं होतं, पण बोट सवयीने आधी हललं. खट्‌ आवाज झाला.

"झालं का हो? हिला कधीची भूक लागलीय."

शकुन माझ्या शेजारी उभी होती. वृंदा तिच्या कडेवर होती. तिचा पदर वाऱ्यावर फडफडत होता, कोरडा ठणठणीत. पायाला लागलेली वाळूदेखील कोरडी होती.

मी पाण्याकडे पाहिलं. एक लाट येत होती. बस, तेवढंच.

मी कपड्यांसकट धावत सुटलो. कमरेइतक्या पाण्यात गेलो, छातीइतक्या गेलो, हाताने पाणी ढवळलं, हाका मारल्या. कुणाला हाक मारत होतो ते मला सांगता येणार नाही, कारण तोंडातून नाव शकुनचंच निघत होतं. किनाऱ्यावरून ती पोट धरून हसत होती. "अहो, मी इथे आहे! वेड लागलं का तुम्हाला?"

मी ओलाचिंब परत आलो. "पाण्यात एक बाई होती."

"असेल कुणी. गेली असेल निघून."

वृंदाने समुद्राकडे बोट केलं. "आई," ती म्हणाली.

"आई इथे आहे गं राणी," शकुनने तिचा पापा घेतला. वृंदाने तिच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. मग पुन्हा पाण्याकडे पाहून हात हलवला. टाटा करतात तसा.

माझं लक्ष शकुनच्या मनगटाकडे गेलं. ते मोकळं होतं.

"शांखा कुठे गेला?"

"तो सकाळीच वाढला नाही का? लॉजवर, नळाला आपटून. सांगितलं नव्हतं का मी तुम्हाला?"

सांगितलं असेल. सकाळी मी कॅमेऱ्याची काच पुसण्यात गर्क होतो. खरंच सांगितलं असेल.

८

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. वृंदा दोन वेण्या घालून शाळेत जाते आणि घरी आम्हा दोघांशी अर्धं बंगालीत बोलते. शकुन आनंदात असते. गाते, हळदीकुंकू करते, बौदींशी गप्पा मारते. समुद्राचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मी एकदा पुरीला जाऊ या म्हटलं तर म्हणाली, "पाहिला नं एकदा." मी सुखी आहे. हे लिहिताना मी अडखळत नाही.

दिघ्याचा रोल मी अजून धुतलेला नाही. श्यामसुंदर मागे लागतात, मी टाळतो. जिभेचा कोपरा दुमडून तो कपाटात ठेवला आहे. कपाट शकुन रोज आवरते, त्याच फळीवरून फडकं फिरवते. कोपरा दुमडलेलाच आहे. बैठकीतली तसबीरही बरेच दिवस कलली आहे. काल शेवटी मीच उठून ती सरळ केली.

दिघ्याहून आलो त्या दिवशी तिने साधा वरणभात केला होता. मी सवयीने ताटातल्या मिठाकडे बोट नेलं, आणि पहिला घास तोंडात गेल्यावर ते तसंच मागे घेतलं. ती समोर बसून माझ्याकडे पाहत होती.

"बरं झालंय का?"

"छान झालंय," मी म्हणालो. आणि खरंच छान झालं होतं.

ताटात डाव्या हाताला ती अजूनही मीठ वाढते. ते तसंच उरतं.